पाऊणकीवर चालणारी विहीर

कोकणातून कुणी परत आलं की लोक विचारतात, मासे कुठले खाल्ले, समुद्रात किती वेळ डुंबलात. मला आप्पांनी विचारलं, "काय बघितलंस?" मी म्हटलं, "विहीर." आप्पांचा भाकरी मोडता हात थांबला. "विहीर बघायला एवढ्या लांब गेलीस? आपल्या वरच्या रानात कोरडी पडलीय की एक. फुकटात दाखवली असती." आईला हसून हसून ठसका लागला आणि मी चिडले. मी लवकर चिडते. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं वाचताना कुणाला नवल वाटायला नको.

आम्ही सांगोल्याचे. पाहुण्याला अर्धा पेला पाणी देऊन "अजून देऊ का" असं विचारणारी माणसं. शिकायला मी पुण्यात, विषय अर्थशास्त्र. मागच्या वर्षी विद्यापीठानं एक नवंच काढलं. चार वेगवेगळ्या विषयांची चार पोरं एका गटात बांधायची आणि त्यांना पुस्तकातला नव्हे, खऱ्या माणसाचा खरा प्रश्न द्यायचा. पाण्याचा, कचऱ्याचा, शेतीचा. पुढं टिकेल असं काहीतरी सुचवून यायचं. चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्या नशिबी आले तिघं. सिव्हिलचा ओंकार, पक्का पुणेकर, ज्याच्या पाण्याच्या बाटलीवरसुद्धा नावाचं लेबल होतं. वनस्पतिशास्त्राची रुबिना, महाडची, बोलते कमी आणि बघते जास्त. आणि कॉम्प्युटरचा तन्मय, नेरूळचा, ज्याचं "अरे यार, टेन्शन नको लेऊ" ऐकून माझं डोकं उठायचं.

आमच्या वाट्याला आलेला खरा माणूस म्हणजे शरयूकाकू. श्रीवर्धनच्या जरा अलीकडे त्यांची पोफळीची वाडी आहे. जन्मभर ठाण्याला शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर गावी येऊन वाडी हातात घेतली. काही वर्षांपूर्वीच्या मोठ्या चक्रीवादळात अर्ध्याअधिक पोफळी आडव्या झाल्या. आता प्रश्न एवढाच होता, की पुन्हा लावायच्या की नाही. पोफळ लावली की सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. आणि विहिरीचं पाणी उन्हाळ्यात खारट होत चाललेलं. खाऱ्या पाण्यावर रोपं जगली नाहीत तर काकूंच्या वयाला दुसऱ्यांदा लावणं नाही. शिवाय मुंबईचा एक माणूस समुद्राकडची अर्धी वाडी विकत मागत होता, तिथं खोल्या बांधून पोहायचा तलाव करायला. काकूंचा बंगळुरूचा मुलगा म्हणत होता, देऊन टाक. काकू म्हणत होत्या, पोरं येऊन विहिरीचं काय ते सांगू देत, मग बघू.

म्हणजे आमच्या सांगण्यावर वाडी राहणार की जाणार हे ठरायचं होतं. हे मी एसटीत बसल्या बसल्या चारदा तरी बोलून दाखवलं. तन्मय म्हणाला, टेन्शन नको लेऊ.

वाडी

ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा करत आम्ही पोचलो तेव्हा मे महिना अंगातून निथळत होता. आमच्याकडंही ऊन असतं, पण ते कोरडं, सरळ डोक्यावर मारतं आणि सावलीत गेलं की सुटका. इथलं ऊन सावलीतही पाठ सोडत नाही. पण वाडीत पाऊल टाकलं आणि मी उन्हाचं विसरले. उंच उंच पोफळी, त्यांच्यामध्ये नारळ, खाली जायफळाची झाडं, मिरीचे वेल, आणि झाडाझाडांच्या आळ्यांतून पाटाचं पाणी खळखळत चाललेलं. एवढं पाणी नुसतं जमिनीवर वाहताना बघून मला कसंतरीच व्हायला लागलं. सांगोल्यात असं पाणी सोडलं असतं तर आजूबाजूच्या चार घरांनी येऊन विचारलं असतं, घरात काही झालंय का म्हणून.

काकू ओटीवर उभ्या होत्या. बारीक, ताठ, नाकावर चष्मा. आमची नावं विचारून घेतली आणि लगेच सोडून दिली. "नावं माझ्या लक्षात राहत नाहीत. तू पुणं, तू नेरूळ, तू महाड, आणि तू गो? सांगोला? बरं झालं, पाण्याची किंमत कळणारं कुणीतरी आलं."

त्या दिवसापासून मी सांगोला झाले. अश्विनी हे नाव तिथं कुणी घेतलंच नाही.

विहीर वाडीच्या मध्यावर. चिऱ्यांची, गोल, आत नेचे उगवलेले. तिच्या खालच्या अंगाला वादळानं रिकामी केलेली जागा, मग सुरूची रांग आणि पलीकडे वाळू. काकूंनी पोहरा सोडला, ओंजळीत पाणी घेतलं, जिभेवर टेकवलं. "मचूळ," म्हणाल्या. "कधी गोडं, कधी मचूळ. आमच्या सासूबाईंसारखी आहे, लहरी. आज कशी वागेल ते आज विचारायचं."

ओंकारनं मोठ्या ऐटीत बॅगेतून क्षार मोजायचं मीटर काढलं, वाकला, आणि ते मीटर सुळकन विहिरीत. विद्यापीठाचं. नवंकोरं. पुणेकराचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा बघण्यासारखा बघितला.

काकू वाकून बघत म्हणाल्या, "आता विहिरीला स्वतःलाच कळेल किती खारट आहे ते."

दिघीचा उतार

दुसरं मीटर खाडीपलीकडे मुरूडच्या बाजूला एका ओळखीच्या प्राध्यापकांकडे होतं. दुसऱ्या दिवशी लवकर जेवून मी आणि तन्मय निघालो. दिघीला फेरीबोट लागते, गाड्या, माणसं, कोंबड्यांच्या टोपल्या सगळं पोटात घेऊन आगरदांड्याला सोडते. बोटीत बसणं माझं आयुष्यातलं पहिलंच. मी कठड्याला घट्ट धरून उभी होते. शेजारची एक म्हातारी पान चघळत मला म्हणाली, "पोरी, बोट नाय पडत, तू सोड." मी सोडलं नाही. खाडी मात्र सुंदर होती. दोन्ही बाजूला डोंगर, मध्ये चकचकणारं पाणी, आणि दूर जंजिऱ्याची एक गडद रेघ. आप्पांना दाखवायला हवं, असं फार वाटलं.

मीटर मिळालं. त्यांच्या घरी कोकमाचं सरबत मिळालं. परत यायला संध्याकाळ झाली. दिघीला उतरताना मी आपली बिनधास्त उतरायला गेले आणि धक्क्याच्या उतारावर हिरव्या शेवाळावरून जी घसरले ती थेट बसूनच खाली. दुपारी जाताना या उतारावर शेवाळ नव्हतंच! पाणी होतं तिथं. मी उठून त्या बोटवाल्यांना, धक्का बांधणाऱ्यांना, तन्मयला, सगळ्यांना बोलून घेतलं. तन्मय म्हणाला, "अरे यार, मीटर तो बचा ना?" मीटर वाचलं होतं. माझी कोपरं सोलली होती. पाणी कुठं गेलं आणि का गेलं, हा विचार त्या वेळी करायचा होता. मी हळद लावत बसले.

बाराचा नियम

आमचं काम असं ठरलं. रुबिना वाडीतल्या झाडांची पानं तपासणार, कुठली करपलीत, कुठली नाहीत. तन्मय मीटरचे आकडे मोबाइलवर आलेखात मांडणार. मी आजूबाजूच्या वाड्यांत फिरून कोण किती पाणी उपसतं ते विचारणार. आणि ओंकारची कल्पना अशी, की विहिरीला विश्रांती द्यायची. पंप निम्माच वेळ चालवायचा, गळलेल्या पोफळीच्या पानांनी आळी झाकायची, म्हणजे ओल टिकेल, उपसा कमी होईल आणि समुद्राचं पाणी आत ओढलं जाणार नाही. ऐकायला झकास होतं.

"पण एक," ओंकार बोट वर करून म्हणाला, "माप रोज एकाच वेळी घ्यायचं. बाराच्या ठोक्याला. इकडेतिकडे झालं तर सगळा डेटा कचरा."

आम्ही हा नियम देवाच्या पूजेसारखा पाळला. जेवण समोर असलं तरी बाराला ओंकार उठायचा. काकूंना तर तो नियम फारच आवडला. "बघ सांगोला, शिस्त म्हणतात ती ही. माझ्या वर्गात एक जरी असा असता तर मी दोन वर्षं आणखी शिकवलं असतं."

आणि जेवणाचं काय सांगू! सकाळी मऊभात, मेतकूट, वर तुपाची धार. दुपारी वालाचं बिरडं, खोबरं घातलेली फणसाची भाजी, आमसुलाचं सार. पहिले दोन दिवस मला ज्वारीच्या भाकरीवाचून जेवल्यासारखंच वाटेना. काकूंची तांदळाची भाकरी पांढरीशुभ्र, मऊ, तोंडात टाकली की गेली कुठं कळत नाही. मी म्हटलं, "काकू, हिला चावायला काहीच नाही." काकू म्हणाल्या, "तुमची ती भाकरी चावून चावूनच तू अशी भांडखोर झालीस." पुढं मला ती पांढरी भाकरी इतकी आवडली की मी चार चार खायला लागले, पण हे काकूंसमोर कबूल केलं नाही.

गल्लीच्या पलीकडे वनितावैनी राहते. नवरा मासेमारीला जातो, ही मासळी विकते आणि सगळ्या गल्लीवर तिचं प्रेम. काकूंकडे मासे शिजत नाहीत, म्हणून वैनीनं मला आणि रुबिनाला आडोशाला बोलावून सांगितलं, "आमच्याकं या गो. तुमची काकू काय तुम्हाला बटाटंच चारणार." एके दिवशी सकाळच्या चहानंतर ती मला तिसऱ्या काढायला वाळूवर घेऊन गेली. समुद्र लांब लांब मागं गेला होता. ओल्या वाळूत बारीक भोकं दिसायची, तिथं उकरलं की शिंपली हाताला लागायची. मी उकिडवी बसून तासभर उकरत होते, कंबरडं मोडलं, आणि मिळाल्या जेमतेम ओंजळभर. वैनीचं टोपलं भरलं होतं. "व्हईल सवय," म्हणाली. तिनं खोबरं-लसूण वाटून त्या तिसऱ्यांचं सुकं केलं. रुबिना आणि मी अक्षरशः बोटं चाटली. मी म्हटलं, जायच्या आधी पुन्हा येणार, याच वेळी, एकटी. वैनी मसाला वाटता वाटता "ये की" म्हणाली.

मोदक

इकडे विहीर सुधारत होती. हो, सुधारत होती! रोज बाराला मीटर लावलं की आकडा कालच्यापेक्षा खाली. तन्मयच्या मोबाइलवरची रेघ घसरगुंडीसारखी उतरत चाललेली. काकू ओंजळीत पाणी घेऊन चाखायच्या आणि म्हणायच्या, "अगो, खरंच गोडं लागतंय." ओंकार नुसता बाटली उघडून स्वतःच्या लेबलकडे बघत पाणी प्यायचा. मलासुद्धा, मला, त्याचं कौतुक वाटायला लागलं होतं. आपण चौघं मिळून काहीतरी खरं काम करतोय, कुणाच्या तरी उपयोगी पडतोय, ही भावना फार सुखाची असते. ती मला त्या दिवसांत पोटभर मिळाली.

एके दुपारी आकडा इतका खाली गेला की ओंकारनं दोनदा मीटर पुसून बघितलं. मग त्यानं काकूंना ओटीवर बसवून आलेख दाखवला. "काकू, विश्रांती लागू पडली. पंप निम्मा ठेवलात तर हे पाणी पोफळीला चालेल. लावा तुम्ही."

काकूंनी त्या रेघेवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. गणिताच्या बाईच त्या, रेघ खाली गेली की काय होतं ते त्यांना आम्ही काय सांगणार. मग उठल्या, फोन हातात घेतला आणि मुंबईच्या त्या माणसाला लावला. "नाही द्यायची हो जागा. नाही म्हणजे नाही. तुमचा तलाव दुसरीकडे खणा. आमच्याकडे विहीर आहे." मग मुलाला फोन. मग रोपवाटिकेला. पावसाच्या तोंडावर रोपं हवीत, चांगली, दीड वर्षाची. आणि गड्याला सांगितलं, उद्यापासून खालच्या अंगाला खड्डे घ्यायला लाग.

संध्याकाळी त्यांनी उकडीचे मोदक केले. "चतुर्थी नाही, काही नाही, पण आज करायचेत," म्हणाल्या. मी पाच खाल्ले. तन्मयनं आकडा सांगायला नकार दिला.

वाळू कुठं गेली

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी टोपलं घेऊन निघाले. आता निरोपाचे दिवस जवळ आले होते आणि जायच्या आधी वैनीला तिसऱ्या काढून दाखवायच्या, असा माझा मोठा बेत. वैनी बाजाराला गेली होती. खालच्या अंगाला गडी खड्डे खणत होता, कुदळीचा आवाज येत होता. मी सुरूतून वाट काढत गेले आणि समोर बघते तर वाळूच नाही.

नुसतं पाणी. त्या दिवशी मी जिथं उकिडवी बसले होते, तिथं आता कमरेएवढं पाणी सपसप करत होतं. तीच जागा, चहानंतरची तीच वेळ. मी टोपलं धरून वेड्यासारखी उभी राहिले. आधी मी समुद्रावर चिडले. मग वैनीवर, सांगितलं का नाही म्हणून. मग दिघीचा उतार आठवला, दुपारी पाण्याखाली आणि संध्याकाळी शेवाळ उघडं. आणि मग लख्ख कळलं. समुद्र घड्याळावर चालतच नाही. त्याची वेळ रोज पुढं सरकते. आणि आम्ही विहिरीचं माप रोज बाराच्या ठोक्याला घेत होतो. पहिल्या दिवशीच्या बाराला भरती होती, कालच्या बाराला ओहोटी. विहीर सुधारली नव्हती, समुद्र तेवढा मागं गेला होता. अजून काही दिवसांनी बाराला पुन्हा भरती येणार आणि रेघ पुन्हा वर चढणार.

पुणं, सांगोला, नेरूळ, महाड. समुद्राकाठी वाढलेलं आमच्यात कुणीच नाही. नेरूळला खाडी आहे म्हणे, पण ती तन्मयनं फक्त पुलावरून बघितलेली. घड्याळाच्या शिस्तीनं आम्ही इतकं नेमानं माप घेतलं, की त्या नेमामुळंच चुकलो. रोज वाटेल तेव्हा मोजलं असतं, तरी आकडे वरखाली होऊन शंका आली असती.

मी पळत आले. तिघांना विहिरीपाशी गोळा केलं आणि सांगितलं. रुबिनानं आधी डोळे मिटले, मग म्हणाली, "खालच्या अंगाची पानं करपलेलीच आहेत. मी बघत होते, पण रेघ इतकी छान होती." तन्मयनं आलेख उघडला आणि भरतीच्या वेळा शेजारी मांडल्या. दोन्ही रेघा हातात हात घालून चालत होत्या. तो पहिल्यांदाच टेन्शनबद्दल काही बोलला नाही.

ओंकार म्हणाला, "लगेच नको सांगायला. आणखी दोन दिवस मोजू, खात्री करू, मग सांगू."

"खड्डे आत्ता खणतायत," मी म्हटलं. "ऐकू येतंय का तुला? त्या माणसाला नाही म्हणून सांगितलंय त्यांनी. रोपं सांगितलीत. दोन दिवस काय बघायचंय?" माझा आवाज चढला होता आणि डोळ्यांत पाणी आलं होतं, दोन्ही एकदम. ओंकारनं मीटर पुसून खिशात टाकलं. मग म्हणाला, "मी सांगतो. नियम माझा होता." त्या क्षणी तो मला आवडला, हे इथं लिहून टाकते.

पाऊणकी

काकू स्वयंपाकघरात फणस कापत होत्या. विळी, हाताला तेल, समोर गरे. ओंकारनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, काही न लपवता. काकूंचा हात थांबला. बाहेर कुदळ चालूच होती.

"मी त्या माणसाला फोनवर काय काय बोलले माहितेय का तुम्हाला?" काकू म्हणाल्या. "आमच्याकडे विहीर आहे, असं छाती काढून बोलले. शिंचं, आता कुठे तोंड दाखवू."

मला वाटलं, आता या आम्हाला बॅगा भरायला सांगणार. आणि सांगितलं असतं तर चुकलं काय होतं?

काकूंनी तेलाचा हात फडक्याला पुसला. "आणि मला कळायला नको होतं?" त्या एकदम स्वतःवरच चिडल्या. "मी इथली. लहानपणी आजोबा ओटीवर बसवून पाऊणकी म्हणून घ्यायचे. पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार, साडेचार, सव्वापाच, सहा. का? तर तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा. अमावास्येला, पुनवेला सव्वाअकरा. होडीवाल्यांपासून भटजींपर्यंत सगळ्यांना यायचं. मी पुढे शाळेत पोरांना अपूर्णांक शिकवले तेही याच्यावरच. आणि विहिरीला ते लावायचं सुचलं नाही! पंप आला, आणि आम्ही विजेच्या वेळा बघायला लागलो. सकाळी विजेला जोर असतो ना, म्हणून सकाळी पंप. भरती असो, ओहोटी असो."

"म्हणजे तुम्ही पण..." तन्मय चाचरला.

"मी पण तुमच्याच पंगतीत रे नेरूळ. वाढ मला पण."

तन्मय हसला, आणि मग सगळेच हसलो. मी हसता हसता रडले. काकूंनी मला एक गरा दिला आणि म्हणाल्या, "खा आणि गप बस. आता नीट मोजू."

मग नीट मोजलं. बाराचा नियम गेला. उजाडल्यापासून मावळेपर्यंत आम्ही आळीपाळीनं विहिरीवर बसलो, भरतीत, ओहोटीत, मधल्या वेळात. काकू चहा घेऊन यायच्या आणि पाऊणकी म्हणत भरतीची वेळ काढायच्या. तन्मय मोबाइलवर तीच वेळ बघायचा आणि दोघांचं जवळपास जुळलं की टाळी द्यायचे. बाजारातून परतलेल्या वनितावैनीला मी माझ्या रिकाम्या टोपल्याची हकीकत सांगितली, तर ती गडगडून हसली. "अगो, तिथी न्हाय बघितलीस? मला वाटलं, कॉलेजात शिकवला असेल."

चित्र हळूहळू उभं राहिलं. ओहोटीत, पंप बेतानं चालवला, तर पाणी गोडं यायचं. भरतीत तोच पंप समुद्र ओढून आणायचा. म्हणजे ओहोटी बघून पाणी काढायचं, जुन्या दगडी टाकीत साठवायचं, आणि झाडांना हवं तेव्हा द्यायचं. वरच्या अंगाच्या पोफळींना हे भागेल, असं रुबिनानं पानांवरून सांगितलं. खालच्या अंगाचा मात्र भरवसा नाही. तिथं नारळ चालेल, नारळाला थोडं खारं सोसतं. विश्रांतीची ओंकारची कल्पना काही वाया गेली नव्हती, पण नुसती विश्रांती पुरणार नव्हती. आणि या वेळी आम्ही "लावा" असं म्हटलं नाही. काय माहीत आहे आणि काय नाही, तेवढं सांगितलं आणि गप्प बसलो.

काकू विहिरीच्या कठड्याला टेकून उभ्या होत्या. मुंबईच्या माणसाला परत फोन करायला अजून उशीर झालेला नव्हता. आम्ही चौघंही त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी पोहरा ओढला, पाणी चाखलं.

"वर पोफळी लावीन," म्हणाल्या. "खाली नारळ. आणि खालच्या अंगाला जे चार खड्डे खणून झालेत ना, त्यात चार पोफळी लावीन. तुमच्या नावाच्या. पुणं, नेरूळ, महाड, सांगोला. चुकलात तुम्ही, तेव्हा खारं पाणी तुम्ही प्या."

"आणि त्या माणसाचं?" मी विचारलं.

"त्याला मी एकदा नाही म्हटलंय. ते काही बाराच्या मापावरून म्हटलं नव्हतं."

सांगोला

निघताना काकूंनी आंबे, फणसाची वाळवलेली साठं आणि आमसुलं इतकी बांधून दिली की एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती. आप्पांना आंबे आवडले, साठं अजिबात नाही. "चामडं दिलंय काय वाळवून," म्हणाले. विद्यापीठात आमचा अहवाल सादर झाला तेव्हा ओंकारनं पहिलं पानच चुकीच्या रेघेचं लावलं आणि उभा राहून सांगितलं, ही आमची चूक, इथून आम्ही शिकलो. सर खूश झाले. मी त्या दिवशी ओंकारला माझ्या डब्यातली भाकरी दिली.

याला आता वर्ष झालं. दुसरा उन्हाळा आला आणि खारं पाणी वर यायचे दिवस आले, तशी मला रात्रंदिवस ती चार रोपं आठवायला लागली. फोन करायचा धीर होत नव्हता. परवा सुट्टीला घरी आले होते, तर काकूंचाच आला.

"कोण, सांगोला ना? ऐक. वरच्या अंगाची सगळी आहेत. टाकी धुऊन वापरते, पंपाच्या बटणाशेजारी पंचांग टांगलंय. शेजारच्या दोन वाड्यांनीही टांगलं. वनिता येता-जाता मला तिथी विचारते, मुद्दाम."

"आणि तो मुंबईचा माणूस?"

"आला होता की परत. ऊन केवढं, घसा सुकलेला. मी विहिरीचं पाणी दिलं प्यायला. भर भरतीचं. तेव्हापासून फिरकला नाही."

मी इतकी हसले की आप्पा रानातून आत आले. मग मात्र विचारायलाच लागलं. "काकू, आमची चार?"

"पुणं गेलं गो. माघातच मान टाकली. नेरूळ त्याच्या मागून. पुण्याला मी कळवलं, फार हळहळला तो. महाड पिवळं पडलंय, पण आहे."

आप्पा समोर उभे राहून ऐकत होते, त्यांनाही कळलं असावं की काहीतरी मोठं चाललंय.

"आणि सांगोला?"

"सांगोला ना? उभं आहे. या आठवड्यात नवीन पान काढलंय, हिरवंगार. कुणाच्या पाण्यावर जगतंय देव जाणे. बरं, ठेवते आता. आज अष्टमी, ओहोटी लागलीय. पंप लावायचाय."

मी फोन ठेवला आणि आप्पांना म्हटलं, "आपलं एक झाड लागलंय. समुद्राकाठी."

आप्पा माठाकडे गेले आणि माझ्यासाठी पेला भरून पाणी घेऊन आले, काठोकाठ.